शिकवायला वेळ कधी मिळणार?

शिक्षणहक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, तर सहावी ते आठवीच्या मुलांना 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन मिळालं पाहिजे, असं तिच्यात लिहिलं आहे. शिक्षकाचा आठवडा पाठाच्या तयारीसह 45 तासांचा धरला आहे. 1 एप्रिल 2010 पासून हा कायदा लागू आहे. शाळाखोल्या, स्वच्छतागृहं, रॅम्प, पिण्याचं पाणी यांची माहिती दर वर्षी यू-डायस या सरकारी माहितीप्रणालीत भरली जाते. शाळा किती दिवस भरली, तेही नोंदवलं जातं. पण त्या दिवसांत शिक्षक खरोखर किती वेळ मुलांसमोर उभा होता, हे त्यातून नीट कळत नाही. महाराष्ट्रातल्या शालेय शिक्षणाच्या गेल्या काही वर्षांकडे पाहताना मला हीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते. धोरणं, अभ्यासक्रम, ॲप्स आणि परीक्षा यांचं पुढे काय होतं, हे शेवटी तिच्यावर ठरतं.

वाडी-वस्तीवरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा घेऊ. पहिली ते चौथी, पट तीसच्या आसपास. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असा कायद्याचा निकष आहे. त्या दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेणं, धान्याची नोंदवही, शिजलेल्या अन्नाची चव घेऊन नोंद करणं आणि किती मुलं जेवली ते रोज ऑनलाइन भरणं. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर पालकाला घेऊन तालुक्याला जाणं. अपार आयडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेची खाती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, उपक्रमांचे फोटो. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी ‘अत्यंत तातडीचे’ असा निरोप येतो आणि दुपारपर्यंत लिंक भरून हवी असते. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की दुसऱ्याच्या समोर चारही वर्ग. मग पहिलीतलं मूल अक्षर गिरवत बसतं आणि चौथीतलं फळ्यावरचं उतरवून घेतं. त्या दिवशी शाळा भरल्याची नोंद होते.

जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असं याच कायद्याचं 27 वं कलम सांगतं. प्रत्यक्षात 2024 सालीच पाहा. जानेवारीअखेरीस राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरत होते. एप्रिल-मेमध्ये लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. मतदार याद्यांचं बीएलओचं काम बाराही महिने चालतं. मग स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या आणि त्यांच्यामागून 2027 ची जनगणना. निवडणूक आणि जनगणना कायद्याला धरून आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या अपवादांच्या आडोशाने बाकीची किती कामं शिक्षकाच्या गळ्यात पडली, हे कधीतरी मोजायला हवं. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांच्या मोर्चांतली घोषणा आहे. नोकरदार वर्गाने ‘काम करू द्या’ म्हणत रस्त्यावर यावं, हे कोणत्याही राज्याला चिंता वाटावी असंच आहे.

आता पटाकडे येऊ. गेल्या दोन-तीन वर्षांतला सर्वांत अस्वस्थ करणारा विषय हाच आहे. जन्मदर उतरला, गावं शहरांकडे सरकली आणि उरलेल्या मुलांना न्यायला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यावर येऊ लागली. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा राज्यात अशा सुमारे 15 हजार शाळा आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं असल्याचं पुढे आलं. त्याच सुमारास पानशेत आणि तोरणमाळ इथल्या शाळांचा दाखला देऊन ‘समूह शाळे’ची कल्पना मांडली गेली. कमी पटाच्या शाळा एकत्र आणायच्या, मुलांना वाहनाने न्यायचं, त्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान द्यायचं. कागदावर ही कल्पना वाईट नाही. चार मुलांच्या वर्गात खेळायला सोबती नसतो आणि चर्चाही होत नाही, हे खरं आहे.

पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, मेळघाटातले किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातले पाडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो ओढ्याला पाणी आलं की काय करायचं, हा. सहा वर्षांचं मूल पायी जाऊ शकेल एवढ्या अंतरावर, म्हणजे एक किलोमीटरच्या आत, प्राथमिक शाळा हवी, हा निकष विचार करूनच घातलेला आहे. गाडी आठ दिवस बंद पडली की मुलगा कसाबसा जातो आणि मुलगी घरी राहते. तिच्याकडे धाकटं भावंड सोपवलं जातं आणि पुढच्या वर्षी ती हजेरीपटावरूनच जाते. शाळा बंद केल्याने वाचलेला पैसा हिशेबात दिसतो, ही मुलगी दिसत नाही.

15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पद मंजूरच होणार नाही, अशी ती रचना. उच्च प्राथमिक स्तरावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, ही तर कायद्याची भाषा. सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. 25 सप्टेंबर 2024 रोजी राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले. मला वाटतं, शाळा बंद करण्याचा आदेश काढण्याची गरजच अशा धोरणात उरत नाही. पद गेलं की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक दाखला मागतात आणि मग शून्य पट दाखवून कुलूप लावता येतं.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा या वाटेवरून परतलेली आहे. पट तीनवर आला होता. गाव, शिक्षक आणि पालक यांनी मिळून ती उभी केली. मोठी मुलं लहानांना शिकवतात, ‘विषयमित्र’ एकमेकांच्या अडचणी सोडवतात. 2025 साली तिला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा शाळा पुरस्कार मिळाला. त्याआधी 2020 साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं होतं. पुरस्कार झाले की मंत्र्यांचे सत्कार होतात, फोटो निघतात. या शाळांनी खरं शिकवलं ते वेगळंच आहे. शिक्षकाला मोकळीक आणि सलग काही वर्षं मिळाली तर तीन मुलांची शाळाही वाढते. ती मोकळीक बाकीच्या हजारो शाळांना का मिळू नये, हे कुणीतरी विचारायला हवं.

खासगी शाळांच्या बाबतीत सरकारचा कल कुठे झुकतो, हे 2024 मध्ये दिसलं. वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के जागांच्या तरतुदीतून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळांना वगळण्याचा नियम फेब्रुवारीत केला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो आधी स्थगित केला आणि 19 जुलैला रद्द ठरवला. मधल्या काळात हजारो पालकांचे प्रवेश लटकले.

शिक्षकांच्या नेमणुकांची कहाणी लांबलचक आहे. 2012 मध्ये भरतीवर बंदी आली. नंतर पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी आली आणि डी.एड., बी.एड. झालेली एक अख्खी पिढी वाट पाहता पाहता तिशी ओलांडून गेली. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. 2023 मध्ये वाढल्यावर प्राथमिकसाठी मानधन 16 हजार, माध्यमिकसाठी 18 हजार झालं. विनाअनुदानित शाळांतल्यांची अवस्था त्याहून कठीण. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द 2009 साली कागदावरून गेला, पण अनुदानाच्या 20 टक्के, 40 टक्के अशा टप्प्यांसाठी माणसं आझाद मैदानात चिखलात बसतात. 2025 च्या जुलैतही बसली. दुसरीकडे नागपुरात शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला आणि बोगस नेमणुकांवर पगार निघत असल्याचं कळलं. प्रामाणिक शिक्षक दशकभर विनापगार राबतो आणि खोट्या नावावर वेतन जातं, याचा राग यायलाच हवा.

त्यातच 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. शिक्षकाचं विषयज्ञान तपासलं जावं, हे मला मान्य आहे. अपूर्णांक स्वतःला नीट न समजलेला माणूस पाचवीला अपूर्णांक शिकवू शकत नाही. पण याच राज्यात 2021 साली टीईटीच्या निकालातला गैरव्यवहार उघड होऊन परीक्षा परिषदेच्या प्रमुखाला अटक झाली होती, आणि या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच लागतो. पंचवीस वर्षं पाड्यावर शिकवलेल्या बाईंची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांतून घ्यायची की त्यांच्या वर्गात बसून, यावर राज्याने न्यायालयापुढे ठाम भूमिका मांडायला हवी. काय होणार ते स्पष्ट दिसतं. निकालानंतरची दोन वर्षं लाखभर शिक्षकांचं लक्ष वर्गाबाहेरच्या अभ्यासात राहील.

मुलांचं काय? जून 2020 मध्ये जे मूल पहिलीत जायचं होतं, ते 2025 मध्ये सहावीत गेलं. त्याची पहिली मोबाइलच्या पडद्यावर गेली आणि ज्या घरी मोबाइल नव्हता तिथे गेलीच नाही. ग्रामीण भागातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांची दारं डिसेंबर 2021 मध्ये उघडली. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. 2022 पेक्षा यात सुधारणा आहे. तरीही चारांतल्या तीन मुलांना तो मजकूर वाचता येत नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. याच पाहणीत 14 ते 16 वयोगटातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. आता निबंध आणि गणितं सोडवून देणारी यंत्रबुद्धीही त्याच फोनात आहे. वाचन पक्कं झालेल्या मुलाला तिचा उपयोग होईल. न झालेल्याला ती अडाणीपण लपवायला मदत करेल.

निपुण भारत मोहिमेने 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि संख्याज्ञान देण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. उद्दिष्ट योग्य आहे. पण मुलाला वाचायला शिकवणं हे हातमागावर कापड विणण्यासारखं काम आहे, मध्येच पुन्हा पुन्हा उठावं लागलं तर पोत जमत नाही. आणि याच काळात पहिलीपासून हिंदीचा घाट घातला गेला. 16 एप्रिल 2025 चा आदेश, 17 जूनचा सुधारित आदेश आणि महाराष्ट्रभर विरोध झाल्यावर 29 जूनची माघार. मराठीला अभिजात दर्जा मिळून वर्षही झालं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलावर किती भाषा लादायच्या, हा प्रश्न राजकारण्यांआधी पहिलीच्या शिक्षकांना विचारायला हवा होता. गणवेशाचंही तसंच झालं. राज्यभर एकच गणवेश म्हणून 2024-25 मध्ये शिलाई मध्यवर्ती पद्धतीने करवली, पहिलं सत्र सरत आलं तरी अनेक शाळांत कपडे पोचले नाहीत, पोचले ते मापात बसले नाहीत आणि वर्षअखेर ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

दर वर्षी ऊसतोडीचा हंगाम आला की बीडकडून ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यासोबत मुलंही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमीपत्रक आहे, साखरशाळांचा अनुभव आहे. पण वसतिगृहाची मंजुरी अनेकदा गाड्या गेल्यावर येते. ऊसतोडीचा हंगाम दर वर्षी त्याच सुमारास सुरू होतो, तरी मंजुरी ऑगस्टमध्ये देणं का जमत नाही, याला कसलंही समाधानकारक उत्तर नाही.

वरच्या वर्गांबद्दल थोडंच सांगतो. अकरावीचे प्रवेश 2025 मध्ये पहिल्यांदा राज्यभर ऑनलाइन झाले आणि पोर्टलच्या खोळंब्यात मुलांचे आठवडे गेले. लातूर, नांदेडकडे आणि कोटा शहराकडे जाणारी मुलं महाविद्यालयात नाव घालून शिकवणीतच दिवस काढतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, ही केंद्राची जानेवारी 2024 ची सूचना कागदावरच राहिली आहे. बदलापूरच्या शाळेत 2024 मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर सीसीटीव्ही आले, पण मुलांच्या सुरक्षेसाठी 2022 मध्येच ठरलेल्या सखी सावित्री समित्या किती शाळांत खरोखर बसतात, हे पालकांनी विचारलं पाहिजे.

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर सरकारने आधी खर्च करावा, अशी मागणी केली होती. ती मागणी आजही तशीच उभी आहे. सरकारने अशैक्षणिक कामांसाठी प्रत्येक केंद्रशाळेत एक लिपिक द्यावा, रिक्त पदं भरावीत आणि डोंगरी, आदिवासी भागातल्या शाळांना पटाच्या निकषातून वगळावं. हे तिन्ही निर्णय कुठल्याही नव्या पोर्टलशिवाय घेता येतात.

वाचकांकडेही एक मागणं आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की आपल्या गावातल्या, आपल्या वॉर्डातल्या शाळेच्या समितीची पुढची बैठक केव्हा आहे ते विचारा, तिथे जा आणि पहिल्या सत्रात शिक्षक किती दिवस वर्गात होते आणि किती दिवस दुसऱ्या कामावर, याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.