देवनागरीची अक्षरजुळणी आणि स्मृतिसुरक्षित संगणकभाषा

‘हिंगोली’ हा शब्द संगणकात साठविताना ‘ह’ प्रथम येतो व वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उमटते. ‘नर्सी’ या शब्दात ‘स’पूर्वी साठविलेला ‘र्’ ‘सी’च्या माथ्यावर जातो. ही जुळणी ‘हार्फबझ’ ही मुक्तस्रोत प्रणाली करते. फॉन्टमधील बाह्यरेषा वाचून अक्षराला आकार देण्याचे काम १९९६ पासून विकसित होत आलेल्या ‘फ्रीटाइप’ने दीर्घकाळ केले. पहिली सी++ मध्ये, दुसरी सी भाषेत लिहिलेली आहे.

या भाषांत स्मृतीच्या नेमलेल्या मर्यादेबाहेर लिहिणारे वाक्यही व्याकरणशुद्ध ठरू शकते. मर्यादा पाळणे लेखकाच्या दक्षतेवर अवलंबून असते. फॉन्ट तर पुष्कळदा परक्या संकेतस्थळावरून येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमधील असा दोष उघड झाला. फॉन्टमधील चित्राचे माप छाटून जागा राखली जाई, मजकूर मात्र पूर्ण मापाने लिहिला जाई. हल्लेखोरांनी त्याचा उपयोगही केला होता.

रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची. तिच्यात हा निर्बंध व्याकरणातच आहे. प्रत्येक मूल्याला एकच स्वामी असतो, उसनवारीची मुदत कंपायलर तपासतो आणि मर्यादेबाहेरचे वाचन घडण्यापूर्वीच रोखले जाते. ‘असुरक्षित’ अशी उघड खूण केलेला भाग तेवढा अपवाद होय.

तथापि ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद हे व्याकरण जपत नाही. दुसऱ्या शब्दात चुकून रफार उमटला, तर स्मृती सुरक्षित राहील, पण स्वयंपाक्याचा गुरू होईल! असे बारकावे जुन्या प्रणालींत वर्षानुवर्षांच्या वापरातून साठले आहेत.

म्हणूनच क्रोम ब्राउझरने २०२५ मध्ये, १३३ व्या आवृत्तीत, अंशशः बदल केला. लिनक्स, अँड्रॉइड व क्रोमओएस यांवर संकेतस्थळांच्या फॉन्टांसाठी रस्टमधील ‘स्क्रिफा’ आली; जुळणी हार्फबझकडेच राहिली. तत्पूर्वी जुन्या-नव्या प्रणालींनी काढलेले आकार परस्परांशी ताडून पाहण्यात आले. हार्फबझचे रस्ट रूपांतर ‘हार्फरस्ट’ हेही मूळ प्रणालीच्याच चाचण्यांवर पारखले जाते.

यावरून भाषाभ्यासकाचे कार्य स्पष्ट होते. चाचणीत जो शब्द नाही, त्याचे रूप बिघडल्यास ते यंत्राच्या ध्यानी येणार नाही. मराठीपुरते असे शब्द निवडून देणे हे मराठीच्या अभ्यासकांवाचून इतरांना साधणारे नाही.