खाणावळीची वही

गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. लालबागच्या एका चाळीतल्या बाईंच्या वहीत मात्र तो मार्चमध्ये सुरू होतो. जानेवारीतल्या थोड्या दिवसांचा पगार हाती आला होता. त्यातून मेंबरांनी फेब्रुवारीत काहीबाही दिले. मार्चच्या रकान्यात बावीस नावांपुढे नुसती मोकळी जागा.

ही वही मी पाहिली ती बँकेतल्या माझ्या टेबलावर. बाई खाणावळ चालवीत. नवरा बदली कामगार. महिन्यातले दहा-बारा दिवस काम, एरवी गिरणीच्या दारात उभे राहायचे. बायकामुले गावी ठेवून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला बाईंकडे येत. भाकऱ्या तिन्ही पाळ्यांच्या, पैसे मात्र महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बाईंच्या चुलीपर्यंत त्याची धग पोचली नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. खाणावळवाल्या एकमेकींना जामीन राहू लागल्या आणि अंगठा उठवणाऱ्या बायका बँकेची पायरी चढल्या. आमच्यातल्या काहींना ते रुचले नव्हते. काउंटरपाशी मसाल्याचा वास येतो, अशी थट्टा चाले. मीही हसलो आहे.

बाईंचा हप्ता मात्र कधी चुकला नाही. तो चुकला १९८२च्या मे महिन्यात. नोटिशीवर सही माझीच होती. बाई वही घेऊन आल्या. हिशेब थोरल्या मुलीच्या शाळकरी अक्षरातला. निम्मे मेंबर गावी गेलेले. उरलेले अजून जेवत होते.

"अहो, उधारी वसूल करा," मी म्हणालो.

"साहेब, संपात बसलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं पैसे मागू?"

अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा आजारी गिरण्यांची व्यवस्था ताब्यात घेतली. आजारी खाणावळ ताब्यात घेण्याची सोय कुठल्याच वटहुकुमात नव्हती. त्याच दिवाळीआधी बाईंनी कर्ज फेडले. शेवटचा हप्ता भरताना त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. आधी तिथे सोन्याच्या दोन पाटल्या असत. मी पावती फाडून दिली.

पुढे बारा-तेरा वर्षांनी बाई खाते बंद करायला आल्या. मुलाकडे डोंबिवलीला निघाल्या होत्या. पिशवीत तीच वही. एक मेंबर म्हणे रत्नागिरीकडून शोधत आला होता. त्याच्या नावापुढे मुलीकडून लिहवून घेतले होते : 'उकडे तांदूळ, दोन पायली. फिटले.'

खालची एकवीस नावे तशीच होती. वही टाकून का देत नाही, असे विचारले, तर म्हणाल्या, "आणि कोण आला, तर?"