मोठं कॅबिनेट, संथ पंखे

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, घरच्या घरी ऑडिओबुक रेकॉर्ड करणारे, थ्रीडीचं रेंडर रात्रभर लावून ठेवणारे असे कितीतरी जण आता आपल्या आसपास आहेत. त्यातल्या बहुतेकांना वेगळा स्टुडिओ परवडत नाही. मशीन वन-बीएचकेच्या हॉलमध्ये किंवा झोपायच्या खोलीतच असतं. दिवसा रस्त्याचा, कुकरचा, टीव्हीचा आवाज चालू असतो तोवर कुणाचं लक्ष जात नाही. रात्री सगळी निजानीज झाली, रेंडर सुरू झालं, की खोली घरघरायला लागते आणि शेजारी झोपलेलं माणूस कूस बदलतं. मग ‘सायलेंट’ कॅबिनेटची शोधाशोध सुरू होते. ती बहुधा एकाच प्रकारच्या मालापाशी येऊन थांबते: आतून स्पंज चिकटवलेला, पुढून भरीव दार, आणि किंमत ऐकूनच माघारी फिरावं अशी.

बजेट आखडतं असेल तर या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पंजाला द्यायचे पैसे जागेला द्यावेत. साधं, मोठं, मजबूत पत्र्याचं फुल टॉवर कॅबिनेट घ्यावं आणि त्यात मोठे पंखे हळू फिरवावेत. त्यामागचा हिशेब सोपा आहे.

पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतलं तर १५ म्हणजे किती ते कळेल. उलट, एकसारखे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्या मारणारा एक पंखा काढून तिथे ६०० फेऱ्यांचे तसेच दोन लावले, तर हवा तेवढीच खेळते आणि आवाज मात्र १२ डेसिबलने घटतो. पंखा आकाराने मोठा घेतला तर आणखी फायदा. १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १४० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून थोडं जास्तच भरतं, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी तो आणखी सावकाश फिरला तरी चालतो. पण हे सगळं बसवायला जागा लागते. मिड टॉवर साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असतो, फुल टॉवर ५५ ते ६० किंवा त्याहूनही वर जातो. पुढच्या बाजूला तीन मोठे पंखे, मागे एक, वर हवी तेवढी मोकळीक, आणि शिवाय सहा-आठ हार्ड डिस्क. फुल टॉवरचं मोठेपण इथे कामाला येतं.

एक मात्र आधीच सांगायला हवं. ज्यांच्याकडे एक एसएसडी, एक मध्यम ग्राफिक्स कार्ड आणि बाकी काही नाही, त्यांनी फुल टॉवरच्या भरीला पडू नये. चांगला मिड टॉवर त्यांना पुरतो आणि पैसेही वाचतात. फुल टॉवर हा डिस्कांचा ढीग, लांबलचक कार्ड किंवा मोठा मदरबोर्ड असणाऱ्यांसाठी आहे.

शांत कॅबिनेटचा गंभीर विचार तसा फार जुना नाही. इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटची एटीएक्स मापं १९९५मध्ये ठरवली, त्यानंतर बरीच वर्षं ८० मिलिमीटरचे छोटे पंखे जोरजोरात फिरत राहिले आणि तो कलकलाट लोकांनी मुकाट्याने सोसला. २००५मध्ये अँटेक कंपनीने पी-१८० नावाचं कॅबिनेट आणलं. ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ ही वेबसाइट चालवणारे माइक चिन यांचा त्याच्या आखणीत सहभाग होता. बाजूच्या झाकणांना तीन थर, आणि आतमध्ये दोन कप्पे: वर मदरबोर्ड, खाली एसएमपीएस. खालच्याची गरम हवा वर जायची नाही, त्यामुळे एसएमपीएसचा पंखाही निवांत राहायचा. आज एसएमपीएस तळाशी असणं आपण गृहीत धरतो. पुढे स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने ‘डिफाइन’ मालिकेतून जाड अस्तराची, बंद पुढच्या दाराची कॅबिनेटं लोकप्रिय केली. २०२०मधलं डिफाइन ७ एक्सएल हे त्यातलं दणदणीत फुल टॉवर. अतिशय उत्तम वस्तू आहे ती, पण आपल्या बजेटच्या बाहेरची. याउलट फँटेक्सचं २०१४मधलं एन्थू प्रो बघा. फुल टॉवरच, पण किंमत आवाक्यातली. अस्तराचा डामडौल नाही. पुढे २०० मिलिमीटरचा एक भलामोठा पंखा आणि मागे १४०चा. मोजक्या पैशांत शांतता कशी साधायची याचं ते फार चांगलं उदाहरण होतं.

परदेशी चाचण्या वाचून खरेदी करणाऱ्यांनी तिथलं आणि इथलं हवामान ताडून पाहावं. तिकडच्या चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पुण्यातली खोली ३२-३३ अंशांवर सहज जाते, विदर्भाचं तर विचारूच नका. कॅबिनेटच्या आतलं तापमान हे खोलीच्या तापमानावर चढतं. खोली दहा अंशांनी गरम असेल तर त्याच पंख्यांवर प्रोसेसरही तेवढाच जास्त तापतो, आणि मदरबोर्ड पंख्यांचा वेग वाढवतो. बंद दाराच्या कॅबिनेटला हवा घ्यायला बाजूच्या चिंचोळ्या फटी तेवढ्या असतात. स्वीडनच्या हवेत ते भागतं. आपल्याकडे तेच दार पंख्यांना धापा टाकायला लावतं. म्हणून इथे पुढे जाळीच हवी, आणि जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, म्हणजे पुढचे पंखे जास्त आणि मागचा एकच, तर फटीफटींतून धूळ आत ओढली जात नाही. फिल्टर तुंबला की सगळं गणित बिघडतं, तेव्हा रस्त्यालगतच्या घरात तो महिन्याकाठी धुवावाच लागतो.

घरात छताचा पंखा चालू असेल तर बऱ्यापैकी जमवलेल्या मशीनचा आवाज त्यात विरून जातो. खरी कसोटी लागते ती रेकॉर्डिंग करणाऱ्यांची, कारण ते छताचा पंखा आणि एसी दोन्ही बंद करतात. त्यांच्यासाठी पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे: हार्ड डिस्क.

मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. त्यामुळे ही डिस्क १२० हर्ट्झचा खर्जातला हुंकार काढते. नुसती हातात धरली तर तो जेमतेम जाणवतो. तीच पातळ पत्र्याच्या पिंजऱ्यात स्क्रूने घट्ट आवळली की अख्खं कॅबिनेट तिच्याबरोबर थरथरतं आणि पत्र्याच्या मोठ्या बाजू तो आवाज खोलीत पसरवतात. त्यात दोन डिस्कांच्या फेऱ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एकीच्या सेकंदाला १२० आणि दुसरीच्या ११९.५ असतील, तर दर दोन सेकंदांनी हुंकार फुगतो आणि ओसरतो. ही लाट एकदा कानात बसली की झोप लागत नाही. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या बाजूवर तळहात टेकवून बघा. हुंकार तिथल्या तिथे दबला तर दोष पत्र्याच्या कंपनाचा आहे, हे नक्की समजावं.

या खर्जावर स्पंज काहीही करू शकत नाही. १२० हर्ट्झच्या ध्वनीची लाट जवळजवळ तीन मीटर लांब असते. काही मिलिमीटरचा स्पंज तिला कुठून अडवणार? तो वरच्या पट्टीतली सळसळ थोडीफार शोषतो, इतकंच. खर्जावर उपाय दोन. पहिला, डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबर. डिस्कच्या ट्रेमध्ये मऊ, जाड रबराची बोंडं आहेत का, हे दुकानात ट्रे बाहेर काढून बोटाने दाबून बघावं. कडक प्लॅस्टिकसारखी लागली तर त्यांचा उपयोग नाही. दुसरा, पत्र्याला वजन देणं. गाड्यांच्या दारांना आतून लावतात ती काळी, डांबरी डॅम्पिंग शीट गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळते. बाजूच्या झाकणाच्या मधल्या भागावर एक तुकडा चिकटवला की बोटाने वाजवल्यावर येणारी टणटण जाऊन ठक्क असा मेलेला आवाज येतो. सगळं झाकण मढवायची गरज नसते.

याहून स्वस्त आणि माझ्या मते सर्वात परिणामकारक उपाय शिलाईच्या सामानाच्या दुकानात आहे. जुन्या फुल टॉवरमध्ये सीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची कप्पे असतात. त्यातली जागा जवळपास १४६ मिलिमीटर रुंद असते आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कची रुंदी असते १०१.६. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरची मोकळी जागा राहते. तिथे रुंद, चांगल्या प्रतीचं इलॅस्टिक आडवं ताणून बांधावं आणि त्या झोळीत डिस्क आडवी ठेवावी, कुठेही पत्र्याला न टेकता. थरथर पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. मशीन हलवताना मात्र डिस्क आधी बाहेर काढायची, आणि इलॅस्टिक सैल पडलंय का ते अधूनमधून पाहायचं.

आता दुकानात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर समोर काचेच्या बाजूंची, रंगीबेरंगी दिव्यांची कॅबिनेटं रांगेने मांडलेली दिसतील. काच मुळात वाईट नाही. जाड काच पातळ पत्र्यासारखी थरथरत नाही. पण पुढची बाजूही काचेने बंद केली असेल तर ते कॅबिनेट आपल्यासाठी बाद. दिव्यांच्या पंख्यांचं कनेक्शन जरूर तपासावं. स्वस्त पंखे पुष्कळदा मोठ्या चार खिळ्यांच्या मोलेक्सने थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. त्यांना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, ते कायम पूर्ण वेगाने पळतात, आणि मदरबोर्डाला त्यांना आवरता येत नाही. मदरबोर्डावर बसणाऱ्या तीन किंवा चार पिनांचेच पंखे हवेत. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय म्हणून भुलू नये. तो वेगळा, नावाजलेला, आणि गरजेपेक्षा थोडा जास्त क्षमतेचा घ्यावा. निम्म्या भारावर त्याचा पंखा जवळजवळ ऐकू येत नाही.

झाकण काढून हातात घ्यावं, त्याचे दोन कोपरे धरून हलकेच पिळून बघावं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा कागदासारखा वळतो, पाऊण-एक मिलिमीटरचा वळत नाही. पंख्यासमोरची जाळी पात्यांच्या अगदी लगत असेल तर शिट्टीसारखा सूर येतो. मध्ये सेंटिमीटरभर अंतर असलं की तो जातो. मागच्या बाजूला पत्र्यालाच भोकं पाडून केलेली जाळी असते, तिची भोकं जितकी मोठी आणि मधला पत्रा जितका कमी तितकं चांगलं. पत्रा कापायच्या कात्रीने ती कापून तिथे साधी तारेची जाळी लावणारेही आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे.

कमी पैशांत खरा लाभ जुन्या मालात आहे. लोक एसएसडीवर गेले, सीडी ड्राइव्ह संपले, आणि एकेकाळची भारीतली फुल टॉवर कॅबिनेटं अडगळीत पडली. पत्रा काही झिजत नाही. मात्र समुद्राजवळच्या घरातलं कॅबिनेट असेल तर तळाला आणि स्क्रूंच्या भोवती गंज बघावा. पुढचे यूएसबी पोर्ट तुमच्या मदरबोर्डला जोडता येतील का, डिस्कचा पिंजरा काढल्यावर तुमचं ग्राफिक्स कार्ड लांबीत बसेल का, आणि डिस्कचे सगळे ट्रे जागेवर आहेत का, हे विचारून घ्यावं. हरवलेले ट्रे नंतर कुठेही मिळत नाहीत. जुने पंखे काढून टाकायचेच आहेत असं धरून भाव करावा. आर्क्टिकचे पी-१२, पी-१४ हे पंखे किमतीच्या मानाने फार शांत आहेत. नॉक्टुआचे त्याहून सरस, पण महाग.

निघण्यापूर्वी घरी टेप लावून यावं. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांचा सीपीयूचा कप्पा मिड टॉवरच्या मापाने केलेला असतो. फुल टॉवर त्यात जात नाही, आणि दामटून घातलाच तर गरम हवा तिथेच कोंडते. तो टेबलाशेजारी जमिनीवर, पण चार बोटं उंच पाटावर ठेवावा. खालून एसएमपीएस हवा घेतो आणि लादी पुसताना पाण्यापासूनही बचाव होतो. पाटाखाली रबराचे तुकडे द्यावेत. रिकामं कॅबिनेटच दहा-पंधरा किलोचं असतं, तेव्हा जिना असेल तर दोघांनी जावं. आणि घर जुनं असेल तर प्लगला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. एवढ्या मोठ्या लोखंडी पेटीला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर आवाजाचा प्रश्न दुय्यम ठरतो.

सगळं जोडून झालं की बायोसमध्ये जाऊन पंख्यांचा आलेख सपाट करावा. ६०-६५ अंशांपर्यंत वेग एकच, त्यानंतर हळूहळू चढ, आणि वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब. एका लयीतला आवाज कान विसरतो, पण दर मिनिटाला चढणारा-उतरणारा विसरत नाही. मग रात्री एकेक पंखा बंद करून ऐकावं, म्हणजे खरा गोंगाट कुणाचा ते कळतं. तो ग्राफिक्स कार्डाचा निघाला तर कॅबिनेटवर आणखी एक रुपयाही घालवू नये. कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणून बघावी. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण कार्ड कमी तापेल, त्याचे पंखे मंदावतील, आणि या उपायाला खर्च काहीच नाही.