माळ्यावरचा ‘५.१’ पुन्हा बोलू लागतो तेव्हा...

प्रतिनिधी, ठाणे

गणपतीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरून जी अडगळ खाली येते, तीत संगणकाचा सहा खोक्यांचा जुना स्पीकर संच अनेक घरांत असतो. एकेकाळी डीव्हीडीवरील चित्रपटांसाठी हौसेने घेतलेला हा संच सुरू करून पाहावा, तर एका बाजूचा आवाज गायब, वूफरची अखंड घरघर आणि आवाजाचे बटण फिरवताच खरखर! बाळकुमसारख्या खाडीलगतच्या वस्तीत दमट हवेमुळे धातूचे जोड काळवंडतात, त्याचाही हा परिणाम असतो. मग संच भंगारवाल्याकडे जातो. प्रत्यक्षात बिघाड पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या पिनेपुरता किंवा तुटलेल्या तारेपुरताच असतो.

रचना काय असते?

‘५.१’मधील पाच म्हणजे पुढचे दोन, मागचे दोन आणि मधला असे लहान स्पीकर, तर ‘.१’ म्हणजे खर्जाचा आवाज देणारा सबवूफर. बहुतेक संचांत सबवूफरच्या लाकडी खोक्यातच ट्रान्सफॉर्मर आणि अॅम्प्लिफायर बसविलेले असतात. संगणकाकडून तीन तारा येतात. हिरवी पिन पुढच्या स्पीकरसाठी, काळी मागच्यांसाठी आणि नारिंगी मधला स्पीकर व सबवूफर यांसाठी. संगणकाला मागे तीनच छिद्रे असतील, तर बहुधा निळ्या छिद्रातून मागचा आणि गुलाबीतून मधला आवाज मिळतो; मात्र त्यासाठी संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘५.१’ हा पर्याय निवडावा लागतो. लॅपटॉपला एकच छिद्र असल्यास यूएसबीवर चालणारे ५.१ साऊंड कार्ड घ्यावे.

आधी निदान, मग दुरुस्ती

खोके उघडण्याची घाई करू नये. प्रथम मोबाइल हिरव्या पिनेला जोडून गाणे लावावे. आवाज स्वच्छ आला, तर दोष संगणकाकडे आहे. एकच स्पीकर मुका असेल, तर संच बंद करून त्याच्या जागी शेजारचा चालू स्पीकर त्याच्या तारेसकट लावावा. तोही मुका झाला, तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा आत येणाऱ्या तारेत. तो वाजला, तर पहिल्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. मल्टिमीटर असल्यास काम आणखी सोपे होते. चार ओहमच्या चांगल्या स्पीकरवर साधारण साडेतीन ओहमच्या आसपास आकडा दिसतो. काटा हललाच नाही, तर आतली तार तुटली आहे असे समजावे.

तारा बदलताना

कंपनीने दिलेल्या तारा सहसा बारीक असतात आणि काही वर्षांत आतले तांबे हिरवट-काळे पडते. मागचे स्पीकर दूर असल्याने त्यांच्या तारेची जाडी महत्त्वाची. दहा मीटर अंतरासाठी जाण्या-येण्याची मिळून वीस मीटर तार लागते. ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. एक चौरस मिलिमीटरची घेतल्यास तो निम्म्यावर येतो. चार ओहमच्या स्पीकरपुढे हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी डाख द्यावा आणि वर इन्सुलेशनची नळी चढवावी.

प्रत्येक तारेची धन आणि ऋण बाजू जुळलीच पाहिजे. एक स्पीकर उलटा जोडला, तर खर्जाचा आवाज पोकळ होतो. शंका आल्यास संचापासून सोडविलेल्या तारेला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला लागली असेल, तर पडदा बाहेर सरकतो. संच चालू असताना मात्र दोन तारांची टोके एकमेकांस लागू देऊ नयेत. अॅम्प्लिफायरची चिप जळू शकते.

घरघर आणि खरखर

आपल्याकडील वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. संचात तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना सेकंदाला शंभर लहरी उरतात. त्या सपाट करण्याचे काम मोठे कपॅसिटर करतात. वयोमानाने ते सुकले, की याच लहरी घरघर बनून ऐकू येतात. संगणकाकडील तिन्ही तारा काढूनही घरघर राहिली, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. वरचा भाग फुगणे किंवा तपकिरी द्रव गळणे ही त्यांची खूण. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच वा अधिक व्होल्टचा आणि शक्यतो १०५ अंश तापमानाचा घ्यावा. मुंबईतील ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग मिळतात.

बटणाची खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. वूफरच्या कडेचा फोम भुगा होऊन गळला असेल, तर स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवी कड बसवून देतात.

जिवाशी खेळ नको

खोके उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. नंतरही काही काळ कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या येत्या बाजूला २३० व्होल्ट असतात. ती बाजू जाणकारावरच सोपवावी. फ्यूज गेल्यास त्याच क्षमतेचा बसवावा. तार गुंडाळून काम भागविणे म्हणजे आगीला निमंत्रण. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणेही तितकेच धोक्याचे.

ट्रान्सफॉर्मर जळला किंवा मूळ चिप मिळेनाशी झाली, तर मात्र संचाचा निरोप घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर शेवटी आपल्याच श्वासात येतो. त्याआधी थोडी तार, दोन-चार कपॅसिटर आणि एक मोकळी दुपार खर्ची घालून पाहायला काय हरकत आहे? यंदाची आरती कदाचित त्याच जुन्या स्पीकरवर घुमेल.