पिकअप उंच करण्यापूर्वी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले आणि दुर्ग जिल्ह्याच्या या भागाला औद्योगिक नगरीचे रूप आले. या नगरीच्या दक्षिणेस असलेले उतई हे गाव मात्र आजही दोन जगांच्या सीमेवर उभे आहे. एका बाजूस भिलाईचे रुंद रस्ते आणि मुंबई-कोलकाता महामार्ग, तर दुसऱ्या बाजूस धानाची खाचरे व त्यांच्यामधून जाणाऱ्या कच्च्या वाटा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र याच गावात आहे. भाजीपाला, धान, खत, सिमेंट, लोखंडी सळ्या असा नाना प्रकारचा माल या दोन जगांमध्ये सतत ये-जा करतो आणि त्यासाठी छोट्या मालवाहू पिकअपइतके सोयीचे वाहन दुसरे नाही.

या भागातील शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. भाटा जमीन मुरमाड असल्याने पावसाळ्यातही चाकाला आधार देते. कन्हार ही काळी, चिकट माती. पाऊस पडला की ती चाकाच्या नक्षीत घट्ट भरते आणि टायर जणू गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. अशा वेळी वाहनाचे पोट चिखलाला टेकते, माल खोळंबतो आणि दिवसाची कमाई बुडते. मग ‘गाडी थोडी उंच करून घ्यावी, मोठे टायर बसवावेत’ हा विचार मनात आल्यास नवल नाही.

२०१६ मध्ये ‘इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस’ आणि २०२२ मध्ये ‘टोयोटा हायलक्स’ ही चारही चाकांना शक्ती देणारी वाहने भारतीय बाजारात आली. तेव्हापासून उंची वाढविणारे साहित्य, म्हणजे ‘लिफ्ट किट’, हा शब्दही सर्वपरिचित झाला. परंतु हौसेचे वाहन आणि पोटापाण्याचे वाहन यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या वाहनावर बहुधा बँकेचे कर्ज असते व त्याच्या प्रत्येक फेरीवर पुढचा हप्ता अवलंबून असतो. म्हणून हा निर्णय गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या घेण्याचा नाही.

नेमके काय उंच होते?

लिफ्ट किटमुळे संपूर्ण वाहन वर उचलले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. मागील कमानपाटे बदलून, त्यांच्याखाली लोखंडी ठोकळे बसवून अथवा पुढील स्प्रिंग लांब करून जी उंची मिळते, ती चेसिसला आणि त्यावरील भागाला मिळते. मागील अखंड ॲक्सल व त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा मात्र पूर्वी होता तेथेच राहतो. बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये जमिनीला सर्वांत जवळचा भाग हाच असतो. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला मधला उंचवटा नेमका यालाच घासतो. हा गोळा उचलण्याचे काम केवळ टायरच करू शकतो.

टायरवरील अंक वाचता आले तर हिशेब घरबसल्या करता येतो. २१५/७५ आर १५ या आकारात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून पूर्ण टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ हा टायर घेतल्यास व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. वाढ ३० मिलिमीटरची दिसते. परंतु ॲक्सल व्यासाच्या मध्यावर असल्याने त्याला मिळणारा लाभ निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर एवढाच असतो.

या १५ मिलिमीटरची किंमतही मोजावी लागते. परिघ चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढल्याने वेगमापकावर ६० चा आकडा दिसत असताना वाहन प्रत्यक्षात सुमारे साडेबासष्टच्या वेगाने धावत असते. जमिनीवर मिळणारा ओढ-जोर त्याच प्रमाणात घटतो आणि चढावर खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. ब्रेक तेच, पण आवरावयाचे चाक मोठे व जड. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर टायर मडगार्डला किंवा चेसिसला घासतो का, हेही पाहावे लागते.

उंची आणि तोल

उंची वाढली की वाहनाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जो अंक मिळतो, तो वाहनाच्या स्थैर्याचा साधा निर्देशांक होय. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन २००१ पासून वाहन उलटण्याच्या धोक्याचे मूल्यांकन करताना हा निर्देशांक वापरीत आले आहे. उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १५०० मिलिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरल्यास अंक १.०७ येतो. गुरुत्वमध्य ६० मिलिमीटरने वर गेला की तोच अंक ०.९९ वर उतरतो. अंक जितका लहान, तितका वळणावर उलटण्याचा धोका मोठा. हा हिशेब रिकाम्या वाहनाचा आहे. हौद्यात पोत्यांची थप्पी रचली की गुरुत्वमध्य आणखी वर चढतो. धान विक्रीच्या हंगामात भरलेली पिकअप रस्त्याच्या उतरत्या कडेवरून जात असताना हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

त्याशिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याच्या जोडांची झीज वाढते, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि व्हील अलाइनमेंट नव्याने करून घ्यावी लागते. चांगल्या प्रतीच्या किटमध्ये स्प्रिंगला अनुरूप शॉक ॲब्सॉर्बरही दिलेले असतात. नुसते ठोकळे किंवा लांब शॅकल बसवून स्वस्तात केलेले काम म्हणजे पुढील दुरुस्तीला दिलेले आमंत्रणच.

कायदा, विमा आणि बँक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षीच्या सुधारणा अधिनियमाने कलम १८२-अ मध्ये, अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. ऑस्ट्रेलियासारख्या देशात, जेथे असे बदल सर्रास होतात, तेथेही उंचीवाढीला मिलिमीटरमध्ये मर्यादा आहे व त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते.

विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. वाहनात केलेला महत्त्वाचा बदल कंपनीला कळविला नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. कर्जावर घेतलेल्या वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेच्या तारणाची नोंद असते. कर्ज फिटेपर्यंत त्या वाहनाचे मूल्य, सुस्थिती आणि विमा अबाधित राहण्यात कर्जदाराचे व बँकेचे हित एकच असते. दावा नाकारला गेला तर वाहन जाते, हप्ता मात्र राहतो. म्हणून बदलाचा विचार असेल तर नोंदणी प्राधिकारी, विमा कंपनी आणि आपली शाखा या तिघांशी आधी बोलावे व मिळालेले उत्तर लेखी घ्यावे.

निवडीचा क्रम

पहिली पायरी निरीक्षणाची. वाहन कोठे आणि कशामुळे अडते, हे एका पावसाळ्यात नीट पाहावे. पोट घासत नसून चाक नुसते फिरत असेल, तर प्रश्न उंचीचा नाही, पकडीचा आहे. मागील चाकांना शक्ती देणारी पिकअप रिकामी असताना बहुतेक भार पुढे असतो व मागील चाके हलकी पडतात. हौद्यात मागील ॲक्सलच्या वर थोडे वजन ठेवल्यानेही अनेकदा काम भागते.

दुसरी पायरी टायरच्या प्रकाराची. मूळ आकारातच, पण खोल व मोकळ्या नक्षीचा, डांबर आणि माती या दोहोंसाठी बनविलेला ‘ऑल-टेरेन’ टायर घेतल्यास कन्हारच्या चिखलातही नक्षी बऱ्याच अंशी स्वतःहून साफ होते. आकार वाढवायचाच असेल, तर वाहनाच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर निर्मात्याने मान्य केलेल्या आकारांपुरतेच जावे.

तिसरी पायरी भारांकाची. टायरच्या भिंतीवरील १०४ हा भारांक म्हणजे प्रत्येक टायरला ९०० किलोग्रॅम, तर ११२ म्हणजे ११२० किलोग्रॅम. दिसायला मोठा असलेला टायर भारांकात कमी असू शकतो. मालवाहू वाहनाला तो कदापि चालणार नाही. भिंतीवरील चार अंकी संख्येवरून टायरचे वयही कळते : ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदललाच पाहिजे.

लिफ्ट किट ही या क्रमातील अखेरची पायरी होय. पहिल्या तीन पायऱ्यांनंतरही गरज उरली आणि परवानगीचा मार्ग मोकळा असला, तरच तिच्याकडे वळावे. उतईच्या वाटेवर रुतलेली पिकअप ट्रॅक्टरच्या दोराने तासाभरात बाहेर निघते. वळणावर उलटलेली पिकअप मात्र घराचे सारे आर्थिक गणितच उलटवून जाते. वाहन किती उंच दिसते यापेक्षा ते भरल्या मालानिशी किती निर्धोकपणे घरी परतते, यावरच त्याची खरी योग्यता ठरते.