डोईपट्टी आणि दप्तरांची होळी : इंग्लंडमधील १३८१ चा शेतकरी उठाव

इंग्लंडमध्ये १३८१ च्या मे-जून महिन्यांत झालेला शेतकऱ्यांचा उठाव डोईपट्टीच्या वसुलीवरून पेटला. पण त्याचे मूळ तीस वर्षे आधीच्या प्लेगमध्ये होते. १३४८-४९ च्या साथीत देशातील किमान एक तृतीयांश माणसे दगावली. शेते तेवढीच राहिली आणि राबणारे हात घटले. मजूर वाढीव मजुरी मागू लागले, जास्त देणाऱ्याच्या गावी जाऊ लागले. जमीनदारवर्गाने कायद्याचा बडगा उगारला. १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा मजूर कायदा यांनी मजुरीचे दर साथीपूर्वीच्या पातळीवर बांधून टाकले. काम अर्धवट सोडून जाणाऱ्याला कैद ठरली.

खेड्यांत भूदासांचा वर्गही मोठा होता. धन्याच्या खासगी शेतात ठरावीक दिवस वेठ करावी लागे. मुलीच्या लग्नासाठी पैसे भरावे लागत आणि घरचा कर्ता वारला की गोठ्यातले उत्तम जनावर धनी नेई. ही सारी देणी जहागिरीच्या दप्तरात नोंदलेली असत. साथीनंतर सुटकेची वाट दिसू लागली होती; ती कायद्याने आणि दप्तराने अडवली. म्हणूनच या उठावात गोरगरिबांबरोबर गावकारभारी, कारागीर आणि बऱ्यापैकी जमीन कसणारेही उतरले.

त्यात फ्रान्सबरोबरच्या युद्धाचा खर्च वाढत गेला. १३७७ मध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून ४ पेन्स डोईपट्टी घेतली गेली. १३७९ ची पट्टी ऐपतीप्रमाणे होती. १३८० च्या अखेरीस मात्र पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणशी १२ पेन्स लादले गेले. लोकांनी घरातली माणसे दडवली. करदात्यांची नोंदलेली संख्या १३७७ पेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटली. सरकारने तपासणीसाठी अधिकारी धाडले.

३० मे १३८१ रोजी एसेक्समधील ब्रेंटवुड येथे फॉबिंग व आसपासच्या गावकऱ्यांनी जॉन बॅम्प्टन या अधिकाऱ्याला पिटाळून लावले. केंटमध्ये रॉचेस्टरचा किल्ला पडला, वॉट टायलर पुढारी झाला आणि माणसामाणसांतली समता सांगणारा धर्मोपदेशक जॉन बॉल तुरुंगातून सुटला. १३ जूनला शहरातल्याच लोकांच्या साथीने जमाव लंडनमध्ये शिरला. राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय वाडा जाळला गेला. तिथली चीजवस्तू नष्ट करायची, लुटायची नाही, असे बंधन उठावकऱ्यांनी पाळल्याचे इतिवृत्तांत नोंदले आहे. टेंपल भागातील वकिलांची कागदपत्रेही जळाली.

१४ जूनला चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड माइल एंड येथे लोकांना भेटला. भूदासपद रद्द व्हावे, एकरी खंड ४ पेन्स असावा, या मागण्या त्याने मान्य केल्या आणि मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या. त्याच दिवशी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात शिरलेल्यांनी चान्सलर असलेले आर्चबिशप सायमन सडबरी आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांचा शिरच्छेद केला. शहरात अनेक निरपराध फ्लेमिश लोकांचीही कत्तल झाली; उठावावरचा हा मोठा डाग आहे. १५ जूनला स्मिथफील्ड येथे राजाशी बोलणी चालू असताना महापौर विल्यम वॉलवर्थ आणि राजाच्या माणसांनी टायलरवर वार केले. तो मारला गेला आणि राजाच्या शब्दावर विसंबून जमाव पांगला.

लंडनबाहेर आग धुमसतच होती. सेंट ऑल्बन्समध्ये मठाची दप्तरे आणि केंब्रिजमध्ये विद्यापीठाची कागदपत्रे जाळली गेली. नॉर्फोकमधील उठावकऱ्यांचा नॉर्थ वॉल्शम येथे बिशप हेन्री डेस्पेन्सर याने पराभव केला. २ जुलैला राजाने सनदा रद्द केल्या. १५ जुलैला बॉलला देहान्त शासन झाले. नोव्हेंबरमध्ये भरलेल्या पार्लमेंटनेही भूदासांच्या मुक्तीला नकार दिला.

तरीही १२ पेन्सांची सरसकट डोईपट्टी पुन्हा लादण्याचे धाडस पुढच्या पार्लमेंटांना झाले नाही. मनुष्यबळाची टंचाई कायम राहिल्याने पंधराव्या शतकात वेठीची जागा रोख खंडाने घेतली आणि भूदासपद हळूहळू विरत गेले. माइल एंडला मागितलेली मुक्ती शेतकऱ्यांना मिळाली, पण सनदेने नव्हे. जमीन कसायला माणूस हवा असलेल्या धन्यांशी पिढ्यान्‌पिढ्या घासाघीस करून ती त्यांनी मिळवली.