घरचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर (भाग ७) : पहिला कपॅसिटर किती मोठा?

मागच्या भागात आपण २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ईझेड८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह पक्का केला. आता पाळी फिल्टर कपॅसिटरांची. स्पीकरमधली घरघर जावी म्हणून पहिलाच कपॅसिटर भलामोठा बसवायचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरा. घरघर मारायचं काम पुढच्या टप्प्याचं. पहिल्या कपॅसिटरचं माप रेक्टिफायर ठरवतो.

आधी व्होल्टेज पाहू. २५० हा आकडा आरएमएसचा. कपॅसिटर भरतो तो शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पटीने, सुमारे ३५३ व्होल्टपर्यंत. घरातला पुरवठा २३० वरून २५३ वर चढला, की तेच ३८८ होतात. सिलिकॉन डायोड वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ईएल८४ तापून करंट ओढू लागेपर्यंत भार जवळपास नसतोच, आणि डायोड मात्र बटण दाबताच पूर्ण व्होल्टेज देतो. ४०० व्होल्टचा कपॅसिटर इथे अगदी काठावर येतो. ४५० चा घ्या. ५०० चा मिळाला तर उत्तम.

आता मायक्रोफॅरड. कपॅसिटर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या माथ्यावर क्षणभरच भरून घेतो. तेवढ्या वेळात रेक्टिफायरला सगळा करंट पुरवावा लागतो. कपॅसिटर जितका मोठा, तितका हा झटका जोराचा, आणि व्हॉल्व्हच्या कॅथोडला तो फार काळ सोसत नाही. म्हणूनच डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा दिलेली असते : ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड३४ ला ६०. आपण ४७ चा घेऊ.

तो पुरेल का? एका ईएल८४ चा मोनो अँप्लिफायर साधारण ५५ मिलिअँपिअर ओढतो. ५० हर्ट्‌झच्या दोन्ही बाजू वापरल्यामुळे रिपल १०० हर्ट्‌झचा. ०.०५५ ला १०० आणि ०.००००४७ यांच्या गुणाकाराने भागलं, की उत्तर येतं जवळपास १२ व्होल्ट. हे खूपच वाटेल. पण यापुढे १० हेन्रीचा चोक आणि आणखी एक ४७ चा कपॅसिटर जोडला, की तो सुमारे १८० पटींनी घटून ६५ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. पहिला कपॅसिटर दुप्पट केला असता, तर रिपल फक्त निम्मा झाला असता आणि रेक्टिफायरचं आयुष्य मात्र घटलं असतं.

खरेदी करताना १०५ अंशांचा आणि ताजा माल घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकमधला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. बसवताना तो पॉवर व्हॉल्व्हपासून लांब ठेवा. तापमान १० अंशांनी उतरलं, की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. पहिल्या कपॅसिटरचं ऋण टोक आधी थेट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला जोडा, वाटेत चॅसिसला नको. नाहीतर भरण्याचे ते झटके चॅसिसमधून फिरतात आणि कितीही फिल्टर लावला तरी बझ जात नाही.

शेवटचं, पण सक्तीचं : कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर रोधक कायमचा जोडा. दोन्ही कपॅसिटर मिळून ३५० व्होल्टवरून १० व्होल्टपर्यंत उतरायला सव्वा मिनिट लागतं. तरी प्लग काढून दोन मिनिटं थांबा, मीटर लावून बघा आणि मगच आत हात घाला. पुढच्या आठवड्यात चोक कसा निवडायचा ते पाहू.